गाई-बैलाच्या पायाची खोल जखम: पहिल्या तासापासून नवी कातडी येईपर्यंत

गुरांच्या पायाला मोठी जखम होते ती बहुतेक ठरलेल्या कारणांनी. काटेरी तारेत पाय अडकतो, नांगराचा फाळ किंवा कोयता लागतो, फुटक्या काचेवर नाहीतर पत्र्यावर पाय पडतो, दाव्याची दोरी काचत काचत आत जाते, गाडीची धडक बसते, कुत्रं चावतं. मांडीवरची किंवा फऱ्यावरची जखम कितीही भयानक दिसली तरी सहसा भरून येते, कारण तिथं कातडी सैल असते आणि खाली भरपूर मांस असतं. गुडघ्याच्या खाली तसं नाही. कातडी काढली की लगेच कंडरा, हाड आणि सांधे. त्यावर दिवसरात्र शेण, मूत आणि चिखल. त्यामुळे पायाच्या खालच्या भागातली दोन बोटांची जखमसुद्धा जनावराला कायमचं लंगडं करू शकते.

पुढे धुण्यावर आणि पट्टीवर जास्त लिहिलं आहे, औषधांवर कमी. ते मुद्दाम. पायाच्या जखमा चिघळतात त्या बहुतेक वेळा इंजेक्शन राहिलं म्हणून नाही, तर जखम नीट धुतली गेली नाही आणि पट्टी वेळेवर बदलली नाही म्हणून.

आधी जनावर धरा, मग जखम

दुखऱ्या पायाला हात लावला की गरीब गायही लाथ मारते. गाईची लाथ घोड्यासारखी फक्त सरळ मागे जात नाही. ती पाय पुढे आणून बाजूला फेकते. म्हणून मागच्या पायाकडे मागून किंवा लांबून हात घालू नका. खांद्याच्या बाजूनं पुढे या, बोलत राहा, जनावराच्या अंगाला अंग चिकटवून उभे राहा. अगदी जवळ असलात की लाथेला जोर घ्यायला जागा राहत नाही.

खोडा असेल तर उत्तमच. नसेल तर मोरकीला कासरा लावून डोकं आखूड, पण फास बसणार नाही असं बांधा. दुसऱ्या माणसानं शेपूट अगदी बुडाशी दोन्ही हातांनी धरून सरळ वर, पाठीकडे उचलून धरली तर गाय सहसा लाथ मारत नाही. शेपूट मधेच धरून पिळू नका, मणका मोडतो. जनावर खाली पाडायची वेळ आलीच तर ते काम पशुवैद्यकासमोर करा. गाभण गाय, पोट भरलेलं जनावर किंवा आधीच बरंच रक्त गेलेलं जनावर पाडणं धोक्याचं असतं. भुलीचं औषध तर स्वतःहून अजिबात देऊ नका. गुरांना झायलाझीन घोड्याच्या मानानं फारच थोडं पुरतं, आणि थोडं जास्त झालं तरी जिवावर बेततं.

रक्त

जमिनीवर पसरलेलं रक्त असतं त्याहून जास्त दिसतं. गाईच्या अंगात किलोमागे साधारण ५५ ते ६० मिली रक्त असतं, म्हणजे ४०० किलोच्या गाईत २२ ते २४ लिटर. लिटर-दीड लिटर गेलं तर निरोगी गाय ते सोसते. तेव्हा घाबरून जखमेत माती, राख किंवा चहापूड कोंबू नका. तीच पुढे तासभर धुऊन काढावी लागते, आणि तरी सगळी निघत नाही.

काळसर रक्त एकसारखं वाहत असेल तर ते शिरेतलं, दाबल्यावर थांबतं. लालभडक रक्त ठोक्याठोक्यानं उडत असेल तर धमनी कापली आहे. मागच्या पायाच्या नळीवर, म्हणजे खुराच्या वरच्या लांब हाडावर, पुढच्या अंगाला एक धमनी हाडालगत उतरते, त्यामुळे तारेनं तिथं कापलं की रक्त उडतं. दोन्हींत पहिलं काम एकच. स्वच्छ कापडाची किंवा गॉजची जाड घडी जखमेवर ठेवायची, तळहातानं घट्ट दाबायची आणि दहा ते पंधरा मिनिटं उचलून बघायची नाही. दर दोन मिनिटांनी “थांबलं का” म्हणून घडी उचलली की धरलेली गाठ सुटते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरी घडी ठेवा आणि वरून पट्टी आवळा.

एवढं करूनही रक्त उडतच असेल तर जखमेच्या वर, गुडघ्याच्या खाली रुंद पट्टा बांधायचा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चालतो. सुतळी किंवा बारीक नायलॉनची दोरी नको, ती कातडी आणि नस दोन्ही कापते. बांधल्याची वेळ लिहून ठेवा. तासाभरात डॉक्टर पोचले पाहिजेत, कारण त्यापुढे खालच्या भागाचं नुकसान सुरू होतं.

हे चालू असताना दुसऱ्या कोणीतरी जनावराकडे बघावं. हिरड्या आणि पापण्यांच्या आतली बाजू पांढरी पडली, कान-पाय गार लागले, शेपटीच्या खालच्या बाजूला बुडाशी लागणारी नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली (शांत उभ्या मोठ्या गाईत ती ६० ते ८० असते), जनावर डुलायला लागलं, तर जखम बाजूला राहू द्या. आधी सलाईन लागणार आहे, तसं फोनवर स्पष्ट सांगा.

जखम कुठवर गेली आहे

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथं होतो, आणि नेमका हाच बघायचा राहतो. रक्त थांबलं की लोक निश्चिंत होतात. खरं तर आता चार गोष्टी बघायच्या असतात.

पहिली, हाड. पाय भलत्याच कोनात वळलाय का, हलवल्यावर आत हाडं घासल्याचं जाणवतं का, पाय अजिबात टेकत नाही का? संशय असेल तर जनावर चालवू नका. पायाला दोन्ही बाजूंनी भरपूर कापूस लावून बांबूच्या चिपा किंवा चिरलेला पीव्हीसी पाइप बांधा. आधार तुटल्या जागेच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही सांध्यांच्या पलीकडे गेला पाहिजे.

दुसरी, कंडरा. गावाकडे तिलाच शीर म्हणतात. जनावर उभं असताना बघा. पाऊल टाकताना खूर पुढे न पडता दुमडून त्याची पुढची बाजू जमिनीला लागत असेल, तर पुढची कंडरा तुटली आहे. आधार बांधून ठेवला तर यात बऱ्याचदा चांगला गुण येतो. वजन टाकल्यावर खुराचं टोक वर उचललं जात असेल आणि खुरावरचा सांधा खाली बसत असेल, तर मागची कंडरा गेली आहे, आणि ते बरंच गंभीर. मागच्या पायाच्या ढोपराच्या (म्हणजे टाचेसारख्या मागे निघालेल्या सांध्याच्या) वरची जाड दोरीसारखी कंडरा पूर्ण तुटली आणि ढोपर जमिनीकडे झुकलं, तर मोठ्या वजनदार जनावरात आशा कमी असते.

तिसरी गोष्ट सांधा. जखम खुरावरच्या सांध्याजवळ, गुडघ्याजवळ किंवा ढोपराजवळ असेल तर तिच्यातून काय येतंय ते नीट बघा. सांध्यातलं वंगण पिवळसर, पारदर्शक आणि चिकट असतं. हातमोजा घातलेल्या दोन बोटांत धरून बोटं लांब केली की त्याची तार सुटते. जखमेतून येणाऱ्या साध्या लसीची अशी तार सुटत नाही. तार सुटली, किंवा नुसता संशय आला, तरी ती जखम घरच्या उपचाराची राहिली नाही. पशुवैद्यक जखमेपासून दूर, चांगल्या कातडीतून सांध्यात निर्जंतुक सलाईन सोडून ते जखमेतून बाहेर येतं का ते पाहतात. येत असेल तर सांधा आतून धुवावा लागतो. हे पहिल्या काही तासांत झालं तर सांधा वाचण्याची शक्यता चांगली असते. दोन-तीन दिवसांनी पू धरला की फार थोडं हातात राहतं. फसवणूक अशी की पहिल्या दिवशी जनावर त्या पायावर बऱ्यापैकी चालतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते अचानक पाय उचलून धरतं, आणि तेव्हा डॉक्टरांना फोन जातो.

चौथी, आत काही राहिलंय का. लाकडाचा सलपा, काच, तारेचा तुकडा. वासरांच्या आणि खोंडांच्या पायाला गोलाकार जखम असेल, तिच्यातून घाण वास येत असेल आणि खालचा भाग सुजला असेल तर हमखास दोरी शोधा. नायलॉनची बारीक दोरी कातडीत रुतून वरून मांस आणि खपली धरते. वरून बघताना फक्त पू दिसतो. खपली कोमट पाण्यानं भिजवून, चिमट्यानं हळूहळू उचलत पूर्ण वेढा फिरून बघावा लागतो. एखादा खिळा किंवा लोखंडी सळई मात्र खोल घुसून सांध्याच्या दिशेनं गेली असेल तर उपटू नका. ती होती तशीच राहिली तर किती आत गेली ते डॉक्टरांना कळतं.

धुणं

हातमोजे घाला. पहिल्यांदा जखमेच्या आत ओला गॉज भरून ती झाका, मग भोवतालचे केस चार बोटं रुंदीत कातरून काढा. हा क्रम चुकला की कातरलेले केस जखमेत पडतात, आणि ओल्या मांसाला चिकटलेला एकेक केस काढणं म्हणजे शिक्षा. भोवतालची कातडी साबणानं धुवा. साबण जखमेत जाऊ देऊ नका. कुत्र्याच्या चाव्याची गोष्ट वेगळी, ती खाली.

नुसता चिखल असेल तर आधी पिण्याच्या पाण्याचा नळीचा मंद झोत पाच-दहा मिनिटं सोडा. गाडी धुण्याचं जोराचं मशीन वापरू नका, त्यानं घाण मांसात आणखी खोल जाते. नंतर मिठाचं पाणी: उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट भरलेले साधारण दीड छोटे चमचे. चमच्यावर विसंबण्यापेक्षा वजनकाटा बरा. बाटलीतलं तयार सलाईन असेल तर अधिक चांगलं.

पाणी नुसतं ओतून भागत नाही, त्याला थोडा दाब लागतो. ५० मिलीची सिरिंज, तिला १८ नंबरची सुई, आणि झोत जखमेच्या पृष्ठभागावर तिरका. खोल भोकात सुई खुपसून पाणी सोडू नका. सिरिंज नसेल तर प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला जाड सुईनं दोन-तीन भोकं पाडा आणि बाटली दाबा. पाणी किती लागेल? मोठ्या जखमेला दोन ते तीन लिटर. तेवढं एका बैठकीत बऱ्याच जणांना जास्त वाटतं. ते जास्त नाही.

शेवटच्या लिटरमध्ये पोव्हिडोन आयोडीन घालता येतं. १० टक्क्यांचं द्रावण असेल तर लिटरला १० मिली, ५ टक्क्यांचं असेल तर २० मिली. पाणी फिकट पिवळसर दिसतं, आणि तेवढंच पुरे. गडद द्रावण उघड्या मांसाला मारक ठरतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान होतं खरं, पण तो जंतूंबरोबर भरून येणाऱ्या नव्या पेशीही मारतो. रोज वापरायचं ते औषध नाही. फिनाईल, रॉकेल, डिझेल, इंजिनचं तेल, चुना, बॅटरीतला काळा मसाला यांतलं काहीही जखमेत घालू नका. हळदीचं काय, हे हमखास विचारलं जातं. हळदीत वाईट काही नाही, पण कोणतीही पूड ओल्या खोल जखमेत साचून तिची कपची बनते आणि तिच्याखाली पू अडतो. वरवरच्या खरचटण्याला चालेल, खोल जखमेला नको.

काळं पडलेलं, पांढुरकं, स्पर्शाला गार आणि कापल्यावर रक्त न येणारं मांस मेलेलं असतं. ते काढावंच लागतं, पण ते काम पशुवैद्यकाचं, जागा बधिर करून. खालच्या पायात ते बऱ्याचदा वर पट्टा आवळून शिरेतच बधिरतेचं औषध सोडतात. सांध्यात जंतू गेले असतील तर प्रतिजैविकही तसंच त्या भागात देता येतं.

टाके घालायचे की नाही

सहा-आठ तासांच्या आतली, स्वच्छ धारेनं कापलेली जखम शिवता येते. चिरडलेली, तारेनं फाटलेली, चिखलात माखलेली किंवा कालची जखम शिवली तर आत घाण कोंडली जाते. अशी जखम तीन ते पाच दिवस पट्टीत उघडी ठेवून मग शिवतात, किंवा खालून आपोआप भरू देतात. डॉक्टरांनी टाके घातले नाहीत म्हणून रागावू नका. बऱ्याचदा तोच शहाणपणा असतो. कातडीचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात.

पट्टी बांधताना

सर्वात आत जखमेला न चिकटणारं काहीतरी हवं: मलम लावलेला गॉज, किंवा शुद्ध मधात भिजवलेला गॉज. मध जंतूंना आवरतो आणि गॉजही चिकटू देत नाही. त्यावर कापसाचा जाड थर. नळीच्या खालच्या जखमेला हा थर खुराच्या केसांच्या रेषेपर्यंत आणायचा, दोन खुरांच्या फटीतही कापूस भरायचा. मागच्या दोन लहान खुऱ्या आणि ढोपराचा उंचवटा यांवर पट्टी घासते. तिथं कापसाची चुंबळ करून, मधे भोक ठेवून बसवा.

गुंडाळायला सुरुवात खालून, खुराकडून. प्रत्येक फेऱ्यात आधीच्या पट्टीचा अर्धा भाग झाकत वर जा. फक्त जखमेवर मधेच पट्टी आवळली की खालचा पाय सुजतो. पूर्ण झाल्यावर वरच्या कडेतून एक बोट जेमतेम आत गेलं पाहिजे. सगळ्यात वर रुंद चिकटपट्टी, पण शेवटचे दोन फेरे ओढून नको, नुसते टेकवून. पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधायची तर ती फक्त पावसात किंवा गोठा धुताना. दिवसभर ठेवली तर आत घाम साचून कातडी पांढरी, लिबलिबीत होते.

पहिले चार-पाच दिवस पट्टी रोज किंवा एक दिवसाआड बदला. पू आणि लस कमी झाली की तीन-चार दिवसांनी. मात्र पट्टी वरून ओली झाली, घसरली, वास मारू लागली, वर-खाली सूज दिसली किंवा चांगला चालणारा पाय जनावर अचानक उचलू लागलं, तर ठरल्या दिवसाची वाट बघू नका. चिकटलेला गॉज कोरडा ओढू नका. मिठाच्या पाण्यानं पाच मिनिटं भिजवा, सुटतो.

इंजेक्शनं, औषधं

कोणतं प्रतिजैविक, किती दिवस, हे पशुवैद्यक ठरवतील. आपलं काम दोन: पूर्ण दिवस देणं, आणि दूध किती दिवस वापरायचं नाही ते विचारून पाळणं. बरं दिसतंय म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःहून प्रतिजैविक बंद करू नका. दुखण्यावर मेलॉक्सिकॅम चांगलं चालतं आणि त्यानं जनावर खायलाही लागतं. डायक्लोफिनॅक गुरांना देऊ नका. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरतात.

खोल, अरुंद तोंडाच्या जखमेत धनुर्वाताचा धोका असतो. गुरांत तो घोड्यांपेक्षा कमी, पण असतो, लस विचारा. जखमेभोवतीची सूज दाबल्यावर चरचरत असेल, जनावर तापलेलं आणि सुस्त असेल तर ते वायू तयार करणाऱ्या जंतूंचं काम आहे. तिथं तासांचा हिशोब असतो, उद्याची वाट बघायची नाही.

कुत्र्याचा किंवा रानटी प्राण्याचा चावा असेल तर जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, टाके घालायची घाई करू नका, आणि रेबीजच्या लसीचा क्रम त्याच दिवशी सुरू करा. धुणाऱ्यानं हातमोजे घातलेच पाहिजेत.

किडे पडले असतील तर टर्पेंटाइन तेलात भिजवलेला बोळा जखमेच्या तोंडाशी थोडा वेळ धरला की अळ्या वर येतात. त्या चिमट्यानं एकेक करून काढा, कोपरे आणि कप्पे तपासा, मग परत पूर्ण धुवा. तेल आत ओतू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, एका फेरीत सगळ्या निघत नाहीत. माश्या हाकलणारा फवारा भोवतालच्या कातडीवर मारा, जखमेवर नाही.

गोठ्यात

जनावर वेगळं, कोरड्या जागेत, खाली भुसा, कडबा किंवा वाळूचा जाड थर. गाय निरोगी असतानाही दिवसाचे दहा-बारा तास बसते. जखमी गाय आणखी बसेल, आणि फरशीवर बसली तर दुसरी जखम तयार होईल. पाणी आणि वैरण तोंडाशी. उठतच नसेल तर दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते.

जखम एकाच खुराची असेल तर एक साधा उपाय फार कमी जण वापरतात. त्याच पायाच्या दुसऱ्या, चांगल्या खुराच्या तळाला लाकडी ठोकळा चिकटवतात. दुखरं खूर जमिनीपासून वर राहतं, आणि ज्या गाईनं पाय टेकला नव्हता ती त्याच दिवशी चालू लागते. खूर आतून पूर्ण सडलं असेल तर ते एक खूर काढून टाकण्याची शस्त्रक्रियाही होते. एका खुरावर गाय दूध देत राहते, बैलाला मात्र कामाला जुंपता येत नाही.

भरत आलेली जखम

पाचव्या-सहाव्या दिवसापासून तळाशी लालभडक, बारीक दाणेदार, हात लावला की पटकन रक्त येणारं मांस दिसू लागतं. हे चांगलं लक्षण. इथून पुढे आयोडीन बंद, फक्त मिठाचं पाणी. कडेनं गुलाबी-पांढरट नवी कातडी अगदी हळू आत सरकते. नळीवरची तळहाताएवढी जखम भरायला महिने लागतात, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात कंटाळून पट्टी सोडू नका. दाणेदार मांस कातडीच्या पातळीच्या वर वाढलं तर नवी कातडी त्यावर चढू शकत नाही. ते डॉक्टरांकडून छाटून घ्या. मोरचूद लावून जाळलं तर खालचं चांगलंही जळतं.

ताप ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर, पू पुन्हा वाढणं, लंगडणं वाढणं यांतलं काहीही दिसलं की डॉक्टरांना परत बोलवा. आणि एक प्रकार खास लक्षात ठेवण्यासारखा: जखम जवळपास भरते, फक्त एक बारीक भोक राहतं, त्यातून महिना-महिना पू येतो. वरून कितीही मलम लावा, बंद होत नाही. आत काहीतरी राहिलेलं असतं, किंवा उघडं पडून सुकलेल्या हाडाची एक चकती मेलेली असते. एक्स-रे काढून ती चकती काढली की दोन-तीन आठवड्यांत भोक बुजतं.

नळीवर आलेली नवी कातडी पातळ असते, तिच्यावर केसही विरळ येतात. त्या पायाला परत दावं बांधू नका. बैल जुंपण्याआधी काही आठवडे मऊ जमिनीवर मोकळा चालवा, आणि इतके दिवस सगळं वजन पेललेल्या दुसऱ्या बाजूच्या पायाची खुरंही एकदा तासून घ्या.